‘नाते’ या रकान्यात ‘सिस्टर’

तुमच्या बापाच्या पाठीवरची जखम जी बाई रोज येऊन धुते, तिची स्कूटी तेवढा वेळ कुठे उभी असते, हे तुम्हाला माहीत आहे का?

मला माहीत नव्हतं. पहिले चार महिने मला एवढंच माहीत होतं की सव्वादहाला बेल वाजते, सिस्टर येतात, चपला दाराबाहेर काढतात, कोपरापर्यंत हात धुतात आणि पप्पांना म्हणतात, “चला साहेब, कुशीवर. युनियनचा संप माझ्याकडे चालणार नाही.” गाडी त्या कुठे लावतात हे मी कधी विचारलं नाही. जिचा बाप अंथरुणावर आहे तिने कशाकशाकडे बघायचं, असं मला वाटायचं. ही सबब आहे, हे मला आता कळतं. आमच्या इमारतीत प्रत्येकाकडे अशी एक सबब आहे आणि ती इस्त्री करून ठेवलेली असते.

डोंबिवली पूर्वेला आमची सोसायटी. पाच मजले, वीस बिऱ्हाडं, खाली खांबांमध्ये पार्किंग. या सोसायटीला स्वतःचं फार कौतुक आहे. आम्ही सुसंस्कृत आहोत, हे आम्ही एकमेकांना वारंवार सांगतो. गणपतीत सामूहिक पठण, दिवाळीत पहाटेचं गाणं, मे महिन्यात मुलांचं संस्कार शिबिर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी साडेसहाला सुविचार येतो. तो तिसऱ्या मजल्यावरचे काका टाकतात. ‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा’ हा सुविचार त्यांनी आजवर तीनदा तरी टाकला असेल, मागे कमळ आणि सूर्योदय. या काकांना लक्षात ठेवा.

पप्पा रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. तिथेच युनियनमध्ये. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. पिवळे, गुलाबी, पातळ कागद. पप्पांनी कामगारांसाठी लिहिलं, जयंतीसाठी लिहिलं, नळाला पाणी येत नाही म्हणून लिहिलं. छापायला देण्याआधी मजकूर मला मोठ्याने वाचायला लावायचे. मी दुसरी-तिसरीत असेन. वाचून झालं की विचारायचे, “कुठे अडखळलीस?” मी बोट ठेवायचे. तिथलं वाक्य ते बदलायचे. त्यांचं म्हणणं, लहान पोर जिथे अडखळतं तिथे लिहिणाऱ्याने काहीतरी लपवलेलं असतं.

मी अशा घरात वाढले, आणि तरीही पुढची गोष्ट केली.

दोन वर्षांपूर्वी, पप्पा धडधाकट असताना, सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. निवृत्त बँक अधिकारी. बोलणं असं की प्रत्येक वाक्य शुद्धलेखन तपासून बाहेर पडतं. म्हणाले, “आवारात डिलिव्हरीवाल्यांच्या दुचाक्यांचा फार उच्छाद झाला आहे. एक सूचना लावायची आहे. आपलं मराठी उत्तम आहे. तेवढा मसुदा करून द्याल?”

मी फुगले. वीस बिऱ्हाडांत मसुद्यासाठी माझ्याकडे आले. त्यांनी तोंडी सांगितलं होतं, “कामवाले-बिमवाले सगळे बाहेर.” मला तो शब्द खटकला. मी तत्त्वाची ना! अर्धा तास विचार करून मी लिहिलं: ‘सदस्यांचे नातेवाईक व पाहुणे वगळता कोणत्याही सेवा पुरवठादाराचे वाहन आवारात उभे करू नये.’ सेवा पुरवठादार! कामवाल्याला मी केवढा मान दिला, असं मला वाटलं. प्रत्यक्षात मी ढकलायचं तेच ठेवलं, फक्त ढकलताना हातमोजे घातले.

पप्पांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, “हे कोणाच्या दारावर चिकटणार, बघितलंस का?” मी म्हटलं, “पप्पा, पार्किंगची नोटीस आहे. क्रांती नाही.” नोटीस लागली. गेटवरच्या वहीत ‘नाव’, ‘कोणाकडे’ यांच्या शेजारी पट्टीने रेघ मारून ‘नाते’ असा नवा रकाना आखला गेला. नातं असेल तर गाडी आत, नसेल तर रस्त्यावर.

वर्षभराने पप्पांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर महिन्याभरात माकडहाडावर जखम झाली. पडून राहिलेल्या माणसाला होते ती. सुरुवातीला बोराएवढी, मग पेरूएवढी. डॉक्टरांनी मला जिन्यात नेऊन सांगितलं, “रोज ड्रेसिंग. एक दिवस चुकता कामा नये. हाडापर्यंत गेली तर ॲडमिट करावं लागेल, आणि या वयात तिथून पुढचं मी सांगू शकत नाही.”

म्हणून सिस्टर. पन्नाशीच्या अलीकडच्या, कल्याणला राहणाऱ्या. माजिवड्याच्या एका हॉस्पिटलमध्ये बरीच वर्षं काढून आता घरोघरी जाऊन रुग्ण बघतात. सकाळी ठाकुर्लीत दोन घरं, मग आमचं, आमच्यानंतर आणखी तीन. करडी स्कूटी, पायाशी दिवसभराच्या सामानाचा निळा डबा. त्या जखमेची खोली कापसाच्या काडीने मोजायच्या आणि काडी पप्पांना दाखवायच्या. “बघा साहेब, कालपेक्षा कमी बुडली.” पप्पा अर्ध्या तोंडाने हसायचे. आमच्या घरात दिवसातून एकदाच कोणी हसायचं, ते असं.

त्यांची स्कूटी चार महिने आवारात, खांबांमध्ये उभी राहायची. कोणी हटकलं नाही. का, ते नंतर कळलं.

एका सकाळी पाणी मारलेल्या फरशीमुळे त्यांनी नेहमीची कोपऱ्यातली जागा सोडून स्कूटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीपुढे लावली आणि हँडल लॉक करून वर आल्या. हे चुकीचं होतं. काकांना त्यांच्या आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, गाडी निघत नव्हती, आणि ते चिडले तर त्यात काही गैर नव्हतं. हे मी लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की मी त्यांची बाजू गिळली.

आमची बेल वाजली. आईने दार उघडलं.

“ती करडी स्कूटी कोणाची?”

“सिस्टरांची. आत ड्रेसिंग चाललंय हो. पाचच मिनिटं—”

“पाच मिनिटं काय? आई माझी खाली उन्हात उभी आहे. ही काय पद्धत झाली? लोकांच्या तोंडासमोर गाडी लॉक करून निघून जायचं?”

आतून सिस्टर म्हणाल्या, “चुकलंच माझं. हात जखमेत आहेत. ताई, पर्समध्ये वरच्या कप्प्यात चावी आहे, द्या त्यांना. जरा बाजूला घ्या म्हणावं.”

आईने चावी पुढे केली. काकांनी चावीकडे बघितलं आणि हात मागे घेतले.

“मी काढू? मी हिचा ड्रायव्हर आहे का?”

मी धावत खाली गेले आणि स्कूटी काढली. दोन मिनिटांचं काम. काकांच्या आई बिचाऱ्या हसून म्हणाल्या, “अगं, मला काही ऊन लागलं नाही.” म्हणजे चावी समोर होती, स्कूटी हलत होती, आई तक्रार करत नव्हती. पण सुविचारवाल्या माणसाला परक्या बाईची स्कूटी हाताने ढकलणं जमलं नाही. देवाची सेवा करायला तयार असलेले हात होते ते.

त्या दुपारी सेक्रेटरींनी गेटवरची वही मागवली. चार महिने रोज, आमच्या घराच्या नंबरापुढे, ‘नाते’ या रकान्यात एकच शब्द होता. सिस्टर. वॉचमन उत्तरेकडचे, साठीला आलेले. त्यांना उभं करून विचारलं गेलं. ते म्हणाले, “साहब, हमने पूछा आप कौन. बोलीं, सिस्टर. हमने लिख दिया सिस्टर. बहन है तो अंदर. आप ही का कायदा है.”

त्यांनी चार महिने नियम अक्षरशः पाळला होता. आमच्या सगळ्या इमारतीत नियम पाळणारा तो एकटाच माणूस, आणि ओरडाही त्यालाच बसला.

रविवारी खांबांमध्ये खुर्च्या टाकून सभा झाली. सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाले, “आपल्या भगिनी रोज नेमाने येतात. असं बंधुप्रेम, म्हणजे भगिनीप्रेम, हल्ली दुर्मीळ.” लोक हसले. ड्रेसिंग आटोपून सिस्टर तेव्हाच जिना उतरत होत्या. मग त्यांनी नोटीस वाचून दाखवली, सावकाश, प्रत्येक शब्द चघळत, आणि शेवटी म्हणाले, “हा मसुदा आमच्याच सुविद्य सदस्येचा आहे. त्यामुळे अर्थ त्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.”

मी उठले. म्हटलं, “जखमेला एक दिवस चुकवता येत नाही. चाळीस मिनिटांचा प्रश्न आहे. कोपऱ्यात जागा आखून द्या, त्या तिथेच लावतील.”

“सहानुभूती आहेच,” सेक्रेटरी म्हणाले. “पण आज सिस्टर आली, उद्या ब्रदर येईल.”

पुन्हा हसणं. मी बाकीच्यांकडे बघितलं. चौथ्या मजल्यावर फिजिओ येतो, बुलेट थेट उतारावर लावतो. पहिल्या मजल्यावर बाळ-बाळंतिणीला मालिश करणाऱ्या मावशी येतात. पाचव्यावरच्या आजोबांकडे आठवड्यातून दोनदा रक्त न्यायला माणूस येतो. त्या तिन्ही घरांतली माणसं तिथे बसली होती आणि आपापल्या चपलांचे अंगठे तपासत होती. आपल्या घरचा माणूस अजून वहीत सापडलेला नाही, एवढ्यावर खूश.

बोलली ती फक्त तळमजल्यावरची आजी. ही जमीन तिच्या घरची. इमारत झाली तेव्हा करारात तिला एक घर आणि खाली पार्किंगची एक जागा मिळाली. गाडी तिच्याकडे नाही. त्या जागेवर ती बाजलं टाकून सुके बोंबील वाळवते, आणि त्या वासावर सोसायटीने तीन सभा घालवल्या आहेत. ती खुर्चीवर नव्हती, पायरीवर होती. तिने शेवटच्या खांबाकडे हात केला. तिथे कव्हर घातलेली एक मोठी गाडी उभी आहे. सेक्रेटरींच्या मुलाची. मुलगा कॅनडात.

“सेक्रेटरी, ती कव्हरातली गारी दोन वरसां झाली, जाग्यावरशी हालली नाय. ती कोनाकरं आलेली पावनी?”

“आजी, ते सदस्याचं वाहन आहे.”

“चाकां बसलीत तिची. तिला पन नर्स लावा.”

आता मात्र कोणी हसलं नाही. सभा संपली. ठराव कायम.

सिस्टर गेटबाहेर लावू लागल्या. आमच्या रस्त्यावर सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला पार्किंग. रोज सकाळी सहा घरं, प्रत्येक रस्त्याची बाजू वेगळी. त्यांनी सोपी युक्ती काढली होती: काल डावीकडे, तर आज उजवीकडे. ही युक्ती चालते. महिन्याचा शेवट एकतीसला होईपर्यंत चालते. एकतीसनंतर एक, दोन्ही विषम. एक तारखेला त्यांनी सवयीने बाजू बदलली, वर येऊन पप्पांची जखम धुतली, खाली गेल्या, तर स्कूटी टोइंगच्या गाडीवर चढून गेलेली. निळा डबा पायाशीच होता, तोही गेला. हातात फक्त वापरून झालेल्या बोळ्यांची पिशवी. गेटच्या आत तेव्हा कोपरा रिकामा होता. मी बाल्कनीतून बघितला.

अर्धा दिवस गाडी सोडवण्यात गेला. पुढच्या घरी एक आजोबा नळी बदलायची वाट बघत बसले होते. संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला.

“ताई, राग मानू नका. उद्यापासून मला नाही जमणार.”

“सिस्टर, मी स्वतः खाली उभी राहीन. गाडीपाशी.”

“रोज कामावर जाताना तुम्ही कुठे उभ्या राहाल? आणि खरं सांगू? त्या गेटवरून आत येताना मला चोरासारखं वाटतं. त्या दिवशी वहीवरून माझ्यासमोर हसले हो सगळे. मी साहेबांसाठी येत होते.” आणि फोन ठेवताना, “कुशी बदलत राहा. दर दोन तासांनी. विसरू नका.”

मी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला. पलीकडच्या बाईने पेशंटचं वय विचारलं नाही, आजार विचारला नाही. पहिला प्रश्न, “मॅडम, आत पार्किंग आहे का?” नाही म्हटल्यावर, “मग कळवतो.” कळवलं नाही. शहरात बहुतेक सगळ्याच सोसायट्यांना माझ्यासारखी कोणीतरी सुविद्य मिळालेली दिसते.

पुढचे पाच दिवस ड्रेसिंग आई आणि मी केलं. मी तत्त्वांवर तासभर बोलू शकते. पण स्वतःच्या बापाच्या पाठीतल्या खड्ड्यात कापडाची घडी बोटाने भरायची, तेव्हा माझं बोट नको तिथे रुतलं आणि पप्पा कण्हले. तिसऱ्या दिवशी वास आला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी घरी येऊन बघितलं, काडी बुडवली. जाताना म्हणाले, “दोन दिवस बघू. नाहीतर तयारी ठेवा.”

त्या दुपारी मी पप्पांना सगळं सांगितलं. आधी सिस्टर आजारी आहेत असं खोटंच सांगितलं होतं. आता नोटिशीचंही सांगितलं.  ते जड जिभेने म्हणाले, “वाच.”

“काय?”

“नोटीस. वाच.”

फोनमध्ये फोटो होता. मी वाचायला लागले. ‘सदस्यांचे नातेवाईक व पाहुणे वगळता कोणत्याही सेवा—’ तिथे माझा आवाज अडकला. 

पप्पांचा डावा हात चादरीवर हलला. अर्ध्या तोंडाने, फुटलेल्या शब्दांत म्हणाले, “अड...खळलीस.” आणि थोड्या वेळाने, “बदल.”

मी टेबलाशी बसून पत्रक लिहिलं. हाताने, एका पानाचं. ‘गेटवरची नोटीस मी लिहिली होती. सेवा पुरवठादार म्हणजे कोण, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. तो शब्द आमच्या घरी जखम धुणाऱ्या नर्सला लागू झाला. त्या चार दिवस आलेल्या नाहीत आणि माझ्या वडिलांची जखम हाडाकडे चालली आहे. आवारात कोण आणि गेटबाहेर कोण, ही वाटणी आपल्याकडे जुनी आहे. मी तिला नवा शब्द शोधून दिला. ते वाक्य मी मागे घेते. तुमच्या घरीही कोणीतरी येतं. रविवारी सभेत ही नोटीस काढायला हात वर करा.’ एकोणीस प्रती काढल्या आणि एकोणीस दारांखाली सरकवल्या.

ग्रुपवर शांतता. दोन अंगठे आले, त्यातला एक थोड्या वेळाने काढून घेतला गेला. सकाळी साडेसहाला सुविचार आला, ‘शब्द हे शस्त्र आहे, जपून वापरा.’ सेक्रेटरी लिफ्टपाशी भेटले. “वाक्य आपलं असेल. ठराव सोसायटीचा आहे. तो आपल्याला मागे घेता येत नाही.” इतकं शुद्ध बोलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आमच्या बेलपाशी मात्र आजी उभी होती. हातात पत्रक. तिला वाचता येत नाही. नातीकडून वाचून घेतलेलं.

“कं गो, आदी सांगायचंस ना मना. बाजला उचलला मी. सांग तिला, माज्या जाग्यावर लाव म्हना.”

मी सिस्टरांना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी आल्या. सेक्रेटरी गेटवर आलेच. “आजी, ही जागा सदस्याच्या वाहनासाठी आहे. किंवा नातेवाइकांच्या.”

आजी वॉचमनकडे वळली. “लिव रं वहीत. माजी भाची हाय ती.”

वॉचमनने सेक्रेटरींकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि ‘नाते’ या रकान्यात लिहिलं: भाची. दोघींमध्ये कणभर साम्य नाही. सेक्रेटरी लिफ्टकडे वळले. जमीनवालीशी वाद घालण्याइतके ते तत्त्वनिष्ठ नाहीत.

सिस्टर वर आल्या, हात धुतले, काडी बुडवली आणि उजेडात धरून बघितली. मग म्हणाल्या, “साहेब, मी काय पाच दिवस सुट्टीवर गेले तर तुम्ही लगेच संपावर?” पप्पा हसले नाहीत. डोळे भरून आले त्यांचे. जखम हाडाला टेकायच्या बेतात होती. ॲडमिट करावं लागलं नाही. आता तीन महिने झाले, तळाशी तांबूस मांस भरतंय, आणि काडी अर्धीच बुडते. सिस्टरांच्या स्कूटीला बोंबलाचा वास येतो. पुढच्या घरचे विचारतात म्हणे, “सिस्टर, जेवून आलात का?”

हे ऐकून लोक म्हणतात, बघ, झालं ना सगळं गोड. माणुसकी आहे अजून. हे म्हणणाऱ्यांचा मला सेक्रेटरींपेक्षा जास्त राग येतो. काय गोड झालं? रविवारी सभेत माझ्यासकट चार हात वर झाले. फिजिओवाल्यांचा नव्हता, मालिशवाल्यांचा नव्हता. नोटीस अजून तिथेच आहे, माझ्या शब्दांसकट. आणि जिने माझ्या बापाला हॉस्पिटलपासून वाचवलं, त्या बाईला चाळीस मिनिटं स्कूटी टेकवायला आधी चुकून माझी बहीण व्हावं लागलं आणि मग खोटं बोलून आजीची भाची. ती नर्स आहे, तेवढं पुरलं नाही. उद्या आजीला काही झालं तर सिस्टर पुन्हा रस्त्यावर, एकतीस आणि एकच्या मध्ये.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. आमच्या सोसायटीचं आम्ही बघू, पुढच्या सभेला मी पुन्हा उभी राहणार आहे. तुम्ही तुमच्या गेटवर जा. उद्याच जा, तुमच्या घरात सगळे धडधाकट आहेत तोवर. वॉचमनकडून वही मागून घ्या, ‘नाते’ असा रकाना असेल तर तो वरपासून खालपर्यंत खोडा, आणि त्याच्या खाली लिहा: आजाऱ्याकडे येणाऱ्याची गाडी आत. खाली तुमची सही करा, घराच्या नंबरासकट. आणि पेन घरून न्या. वहीला दोरीने बांधलेलं पेन कधीच चालत नाही.